माळ्यावरची एकनळी

समजा, १९६५ साली ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून एक परवाना निघाला. वाडी वसई तालुक्यातली, हत्यार एकनळी बारा बोअर, कारण शेतीसंरक्षण. त्यानंतर ती बंदूक घराबाहेर फारशी गेलीच नाही. पण ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली (आपलं गाव तिच्यात जावं की नाही, यावर वसईने पुढे किती भांडणं पाहिली ते इथल्या माणसाला सांगायला नको). १ ऑगस्ट २०१४ ला तालुका ठाण्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात आला. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि परवान्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडून पोलीस आयुक्तांकडे गेलं. बंदूक माळ्यावरच होती, तिच्या कचेऱ्या मात्र तीन झाल्या.

म्हणून या प्रकरणात लोखंडाइतकंच कागदाबद्दल बोलावं लागणार आहे. जुनी बंदूक सांभाळायची म्हणजे नळी गंजू द्यायची नाही आणि परवानाही गंजू द्यायचा नाही. पहिलं काम लोक हौसेने करतात. दुसरं राहून जातं, आणि तुरुंगाची पायरी दिसते ती दुसऱ्यामुळे.

आधी वस्तू ओळखून घेऊ. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला. ‘बुंदुक’ म्हणजे गोल कवचीचं फळ, त्यावरून गोळी. ‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आलं, आणि १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिलेल्या वसईत तरी त्याचं आश्चर्य वाटू नये. जुन्या मराठीत बंदुकीची जात तिला पेटवायच्या पद्धतीवरून सांगत. जळत्या वातीने उडे ती तोड्याची, गारगोटीच्या ठिणगीने उडे ती चकमकीची. त्यानंतर आली ठासणीची, जी कोकणात अजूनही परवान्यावर सापडते. तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. दिवाळीच्या टिकलीची थोरली बहीण म्हणावी अशी ही टोपी. सरकारी कागदावर या बंदुकीचं नाव ‘एसबीएमएल’, म्हणजे सिंगल बॅरल मझल लोडिंग. आपल्या माळ्यावरची बहुधा ‘एसबीबीएल’ असते, सिंगल बॅरल ब्रीच लोडिंग. ती मधोमध बिजागरीवर वाकते, मागून एक काडतूस घालायचं, बंद करायची, एक बार. पुढच्या बारासाठी पुन्हा वाकवायची.

दुनळीचा दिमाख वेगळा, हे मान्य. पण जुनी वस्तू विश्वासाने ठेवायची तर माझं मत एकनळीला. तिच्यात बिघडायला जागाच थोडी. नळी, दस्ता आणि नळीखालचा लाकडी हात हे तीन तुकडे हाताने सुटे होतात. आत एक घोडा, एक चाप, एक पिन, दोन-तीन स्प्रिंगा, आणि उडालेलं काडतूस मागे ढकलणारी एक पट्टी. शिवणयंत्र उघडता येणाऱ्या माणसाला तिचं काम बघून कळतं. (बघून कळतं म्हणून उघडायची नाही. कारण पुढे येईल.)

या बंदुका आल्या कुठून? जुन्या असतील तर इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम किंवा बेल्जियममधलं लिएज. या दोन गावांनी साध्या एकनळ्या जगभर पाठवल्या. बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीची ‘जीपी’ यांपैकी सर्वांत चिवट. ती वाकत नाही. मुठीखालचा दांडा ओढला की आतला ठोकळा खाली जातो आणि काडतुसाची जागा मोकळी होते, अगदी लष्करातल्या मार्टिनी रायफलीसारखी. नंतरच्या असतील तर सरकारी आयुध निर्माणीच्या, बिहारमधल्या मुंगेरच्या किंवा जम्मूच्या. पूर्वी पोलिसांच्या खांद्यावर दिसे ती .४१० ची मस्केटही एकबारीच, पण ती लष्करी रायफलीची नळी गुळगुळीत करून बनवलेली. तिचं गोत्र वेगळं, काडतूसही वेगळं.

‘बारा बोअर’ म्हणजे काय हे विचारलं तर पुष्कळ परवानाधारक ‘बारा नंबरची’ असं सांगतात. हिशेब असा आहे: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळे केले तर गोळा लहान, नळीही लहान. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद. यात एक जीवघेणी गोम आहे. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर ते मागे टिकत नाही, घरंगळून थोडं पुढे जाऊन अडकतं. मागून पाहिलं तर जागा रिकामी. माणसाला वाटतं काडतूस घालायचं राहिलं, म्हणून तो बाराचं घालतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि नळीखाली डावा हात असतो. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा रिवाज जगभर पडला. घरात दोन बोअरची काडतुसं एका डब्यात ठेवू नयेत.

आता नळीवरचे शिक्के. इंग्लंडमध्ये नवी नळी विकण्याआधी तिच्यात जादा दारूचा बार उडवून परीक्षा घेतात. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ पासून आहे. पास झालेल्या नळीवर मुकुट आणि अक्षरांचे बारीक ठसे उमटवतात, ते नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला असतात, म्हणजे बंदूक वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. त्यात ‘एनपी’ ही अक्षरं असतील तर नळीची परीक्षा धूररहित, म्हणजे नायट्रो दारूवर झालेली. ती नसतील, आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी दिसत असेल, तर ती दमास्कस नळी असू शकते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली. दिसायला इतकी देखणी नळी नंतर झाली नाही. पण ती काळ्या दारूच्या काळातली. तिच्या जोडांमध्ये शंभर वर्षांचा गंज आत किती शिरला आहे ते बाहेरून कळत नाही. अशा नळीत आजचं काडतूस घालू नये. या बाबतीत मी कुणाचं ‘आमच्या आजोबांनी तर उडवली होती’ ऐकून घेत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाची जागा बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर लांब असते. आज सर्रास मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं. तुम्ही म्हणाल, लांब काडतूस आखूड जागेत जाणारच नाही. जातं. अगदी सहज जातं, कारण डब्यावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. काडतुसाचं तोंड आत दुमडून बंद केलेलं असतं, त्यामुळे घालताना ते ६० मिलिमीटरच्या आसपासच भरतं. बार उडाला की ती दुमड उलगडते आणि पुढे नळी जिथे अरुंद होत जाते तिथे जाऊन बसते. छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि मागचा दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही, दहाव्यालाही नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसं होतात. डबा कुठलाही असो, त्यावरचा मिलिमीटरचा आकडा आणि आपल्या नळीच्या जागेची लांबी जुळते की नाही, हे दुकानातच विचारून घ्यावं.

आता वसईची हवा. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत खारा वारा, आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर. नाशिकला दहा वर्षं कोरडी राहिलेली बंदूक इथे एका श्रावणात तांबूस होते. शिवाय बाराची राख स्वतःच पाणी ओढते. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळून पोटॅशियम क्लोराइड मागे राही, जे मिठाचं सख्खं भावंड. हे क्षार नळीत बसून हवेतलं पाणी घेतात आणि लोखंड खातात. आपल्याकडे बंदूक साफ करायची म्हणजे गजाला चिंधी बांधून रॉकेल फिरवायचं, अशी रीत होती. रॉकेलने काजळी निघते, मीठ निघत नाही, कारण मीठ रॉकेलमध्ये विरघळतच नाही. म्हणून तर इतक्या ‘नेहमी साफ केलेल्या’ बंदुकांच्या नळीत खड्डे दिसतात. काळी दारू किंवा जुनी काडतुसं वापरलेली नळी सुटी करून गरम साबणाच्या पाण्याने धुवायची. पाणी गरम अशासाठी की नळी तापते आणि लगेच सुकते. मग कोरड्या चिंध्या, चिंधी पांढरी निघेपर्यंत, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. धुवायची फक्त नळी. कळीच्या, म्हणजे घोडा-चापाच्या, भागात पाणी जाता कामा नये.

तेल कुठलं, यावर कोकणात एकच उत्तर मिळतं, कारण घरात तेच असतं. खोबरेल नको. थंडीच्या दिवसांत ते थिजतं, वर्षभरात खवट होतं आणि चिकट होऊन स्प्रिंग अडवतं. शिवणयंत्राचं तेल चांगलं, थेंबाच्या हिशेबात. जवसाच्या तेलाचा मात्र उपयोग आहे, पण दस्त्याला. जवसाचं तेल हवेत सुकून कातडीसारखं घट्ट होतं. लाकडाला तेच हवं असतं. कळीत तेच झालं तर घोडा अर्ध्यात थांबेल. या तेलाने हात ओला करून दस्त्याला चोळायचं, चार दिवस सुकू द्यायचं, पुन्हा चोळायचं. दस्ता अक्रोडाचा असो की शिसवीचा, एवढ्यावर तो आपल्यानंतरही टिकतो.

ठेवायची कशात? घोंगडीत नको, चामड्याच्या खोळीत तर मुळीच नको. दोन्ही दमट हवा धरून ठेवतात, आणि चामडं कमावताना वापरलेले क्षार पोलादाला लागतात. दागिन्यांसारखं आत मखमल लावलेली पेटी हा प्रकार शहरी हौसेचा. कुलपाचं लोखंडी कपाट, भिंतीपासून थोडं दूर, आत सिलिका जेलच्या पुड्या, काडतुसं वेगळ्या जागी वेगळ्या कुलपात. आणि नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून ठेवायची सवय मोडा. बोळ्याच्या मागे घाम धरतो, आणि तो बोळा एखाद्या दिवशी काढायचा राहून जातो.

बोळा नसला तर कुंभारीण येते, हेही खरं. आपल्या घरांच्या खिडक्यांवर, ट्यूबलाइटच्या मागे ओल्या मातीची घरटी करणारी ती बारीक कमरेची माशी. तिला नळी फार आवडते. आत मातीचा पडदा घालते, मागे अळीसाठी कोळी कोंडून ठेवते. ती चिमूटभर माती बार अडवायला पुरते. म्हणून बंदूक हातात घेतली की पहिली क्रिया एकच: वाकवायची, मागून डोळा लावायचा आणि उजेडाकडे बघायचं. नळी आरशासारखी गोल आणि अखंड दिसली पाहिजे. मध्ये कुठे काळी कडी दिसली तर तिथे कधीतरी अडथळ्यावर बार झालेला आहे आणि नळी फुगली आहे. त्या बंदुकीचं उडवणं तिथे संपलं.

झीज तपासायच्या दोनच खुणा सांगतो. नळीखालचा लाकडी हात काढायचा, रिकामी बंदूक बंद करायची आणि दस्ता धरून हलवून बघायची. बिजागरीत खडखड वाटली तर नळी आणि मागचा पाट यांच्यात फट पडली आहे, म्हणजे काडतुसाला मागून पुरता आधार राहिलेला नाही. दुसरी खूण घोड्याची. बाहेर घोडा असलेल्या जुन्या बंदुकांत तो अर्धा चढवला की अडकून राहतो, तिथून चाप ओढूनही सुटत नाही. ती अडकण झिजली की बंदूक आपटली तरी बार उडतो. अशा कितीतरी बंदुकांत घोडा पूर्ण खाली असला की थेट पिनेवर टेकलेला असतो आणि पीन काडतुसाच्या टोपीवर. दाराला टेकवून ठेवलेली भरलेली एकनळी घसरून पडली, ही गोष्ट ज्या घरात घडली आहे तिथे ती पुन्हा सांगितली जात नाही.

दोन्ही दोषांवर उपाय आहे, पण तो आपल्या हातात नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्यामुळे गावातला हुशार वेल्डर, तो कितीही हुशार असो, या कामाचा नाही. नळीच्या तोंडाकडचा गंजका तुकडा कापून टाकू, हा विचारही करू नये. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा कायद्यात वेगळा गुन्हा आहे.

कायद्याकडे आलोच आहोत तर सगळ्यात जास्त होणारी चूक आधी. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावर, बंदूक माळ्यावर. मुलगा म्हणतो, घरचीच तर आहे. परवाना घराला नसतो, माणसाला असतो. माणूस गेला की त्या बंदुकीसोबत काढलेला प्रत्येक दिवस विनापरवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षं शिक्षा आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. करायचं ते एवढंच: बंदूक आणि काडतुसं लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, मग वारसाने अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत याहून चांगली सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे ती बंदूक पंचवीस वर्षं असली, तर तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो आणि परवाना त्याच्याकडे जाऊ शकतो. आजोबांना हे सुचवायला घरच्यांची जीभ रेटत नाही, मी समजू शकतो. तरी सुचवावं. घरात तीन जुन्या बंदुका एकाच नावावर असतील तर तेही जमणार नाही. २०१९ पासून मर्यादा दोनची, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची. ‘भिंतीवर शोभेला लावली आहे, चालत नाही’ हे उत्तरही पुरत नाही. कायद्याची सूट आहे ती दुरुस्त करूनसुद्धा बार निघणार नाही अशा कालबाह्य हत्याराला. आपली एकनळी एक स्प्रिंग बदलली की बोलते.

वसई-विरारकरांना आणखी एक कलम लागू आहे, ज्याची आठवण सहसा कुणाला नसते. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झालं. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. नकाशावर दहा किलोमीटरचा दोरा धरून बघा, शहराचा बराच भाग आत येतो.

आणि शेतीसंरक्षण? परवान्यावर शब्द आहे, पण त्याने जनावरावर बार टाकायची मुभा मिळत नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठीही वनखात्याचा लेखी हुकूम वेगळा लागतो. चिकूवरच्या वटवाघळांचं उदाहरण घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, त्यामुळे वाडीवाल्यांच्या जुन्या पिढीला त्यांच्यावर छर्रे मारण्यात वावगं वाटत नसे. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच कायद्यातून गेली. २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या फिरू लागला, तेव्हा वनखात्याने पिंजरा लावून त्याला धरला. कुणाच्या माळ्यावरच्या बंदुकीचं तिथे काही काम नव्हतं, आणि तसंच असायला हवं.

हवेत बार काढून माकडं, डुकरं पळवणं एवढंच काम पूर्वी बहुतेक बंदुका करत. राजेळी केळीच्या बागेभोवती मोकळी शेतं होती तेव्हा ते ठीक होतं. २०११ च्या जनगणनेत या शहरात बारा लाखांवर माणसं मोजली गेली. छर्ऱ्याच्या मारक टप्प्याची मर्यादा पस्तीस-चाळीस मीटर असली, तरी तो दोनशे मीटरच्या पुढेही जाऊन पडतो, आणि आता नालासोपाऱ्यात किंवा विरारला दोनशे मीटरमध्ये किती खिडक्या येतात ते मोजून पाहा. लग्नात, हळदीत बार काढायची हौस तर २०१९ पासून सरळ गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग ठेवायची कशाला, असा प्रश्न उरतो. ज्याला नेमबाजीची आवड आहे आणि रेंजवर जायची सवड आहे, त्याने ठेवावी. ज्याच्याकडे आजोबांची आठवण म्हणून आहे आणि दर पावसाळ्यानंतर ती उघडून बघण्याची शिस्त आहे, त्यानेही ठेवावी. बाकीच्यांनी विक्रेत्याला द्यावी किंवा जमा करून मोकळं व्हावं, त्यात कमीपणा नाही. निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून जमा करण्याची नोटीस येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर ती सरसकट सगळ्यांना द्यायची नसते, छाननी समितीने एकेक परवाना पाहून ठरवायचं असतं. पण नोटीस आली तर वाद घालण्याआधी बंदूक नेऊन द्या, आणि परत आणल्यावर नळीत एकदा चिंधी फिरवा. ठाण्याच्या कोठीत तुमच्या बंदुकीला तेल घालणारं कुणी नसतं.

हे वाचून झाल्यावर दोनच कामं करा. परवान्याचं पुस्तक काढून मुदत कधी संपते ते बघा, आणि तीन महिन्यांच्या आत संपत असेल तर उद्याच अर्ज लिहा. आणि मृग लागायच्या आधी एका कोरड्या सकाळी बंदूक अंगणात आणा, ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, वाकवा आणि नळीतून आभाळ बघा.